मिस्त्री, बाबांना फोन लावल्याबद्दल

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. गल्लीही सांगत नाही. पैसे घेताना तुम्ही दमच दिला होतात, "ताई, मोबाईलवर कुठं टाकू नका हां. लोक येतात, फोटो काढतात, कामं तशीच राहतात." तेव्हा नाना पेठेतले गाड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री, एवढंच. पण पत्र मात्र उघडं लिहिते आहे. गेलं दीड वर्ष मी आमच्या जुन्या गाडीपायी दिसेल त्याच्यापाशी कुरकुर केली आहे. शिव्या चारचौघांत घालायच्या आणि आभार कानात मानायचे, हे काही बरं नाही.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉरिस मायनर, १९५५ ची, दोन दारांची, कापडी टपाची. ८०३ सीसी, कागदोपत्री ३० हॉर्सपॉवर. त्यातले किती घोडे हयात आहेत ते देव जाणे. वळायचं असलं की दाराच्या मागून एक केशरी दांडी हात काढल्यासारखी बाहेर येते, आणि मागचा स्कूटरवाला ती बघण्यात इतका गुंगतो की ब्रेक मारायचं विसरतो. बाबांनी ही गाडी १९७४ साली कॅम्पातल्या एका निवृत्त होणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली. आई म्हणायची, "सवत आणली ती आणली, तीही बिनछपराची." महाबळेश्वरला जाताना मी आणि दादा मागच्या सीटवर, आणि खंबाटकीच्या चढाला गाडी थांबवून बाबा टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या बॉनेटमधल्या छोट्या पंपावर ओला फडका गुंडाळताहेत, हे माझ्या लहानपणीचं अगदी ठरलेलं दृश्य. उन्हात पेट्रोलची वाफ होते आणि मग ते पुढे सरकत नाही, हे मला सातवीतल्या विज्ञानाच्या पुस्तकाआधी खंबाटकीनं शिकवलं.

बाबांना या गाडीबद्दल बोलायला लागतं तरी काय? ॲलेक इसिगोनिसनं ही गाडी आखली, १९४८ ला ती बाजारात आली, पुढे मिनीही त्याचीच. दहा लाखांच्या वर खपलेली पहिली ब्रिटिश गाडी हीच. आणि त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा. त्यावरचं एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर मंडळींचा घरचा धंदा चपलाबुटांचा, म्हणून त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये आत चक्क चामड्याचा भाता होता. "चांभाराच्या भात्यावर चाललेली गाडी," असं म्हणून बाबा स्वतःच हसतात. आम्ही हे दोनशे वेळा ऐकलंय. ऐकताना आम्ही डोळे फिरवायचो, हेही आता लिहून टाकते.

दुखणं सुरू झालं गेल्या वर्षीच्या जानेवारीत. गाडी सुरू व्हायची, सपाटीला चालायची, चढ लागला की झटके खात मरायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. चांदणी चौकाच्या चढाला दोनदा, पाषाणला एकदा, आणि एकदा संध्याकाळी सहा वाजता म्हात्रे पुलावर, वर पावसाचे थेंब, टप उघडा. पुणेकरांना म्हात्रे पूल आणि संध्याकाळचे सहा एवढं सांगितलं की पुरे.

मग सुरू झाली वारी. पहिलं गॅरेज काचेच्या केबिनचं, कॉफीच्या मशीनचं. तिथल्या मुलानं गाडीकडे बघण्याआधी माझ्या मागे बघितलं. "सर नाही आले, मॅडम?" मी ही गाडी अठ्ठावीस वर्षं चालवते आहे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आहे, आणि आमच्या घरातले 'सर' तेव्हा ८५ वर्षांचे होते. कार्बोरेटर ओव्हरहॉल झाला. बावीस हजार. चौथ्या दिवशी गाडी त्याच चढाला त्याच जागी. मी फोन केला तर म्हणाले, "जुनी गाडी आहे मॅडम, थोडं ॲडजस्ट करावं लागतं." बावीस हजारांत काही ॲडजस्ट करता येईल का, ते मात्र विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्यांनी निदान केलं की पंप गेला. मूळचा पंप काढून परदेशातून आलेला नवा बसवला. जुना परत मागितला तर म्हणे भंगारात टाकला; तिसऱ्यांदा मागितल्यावर एका कॅरीबॅगमधून निघाला. तिसऱ्यांनी सरळ सांगितलं, "हे सगळं काढून मारुतीचा कार्बोरेटर टाकू, कटकट मिटेल. नाहीतर द्या आम्हाला, लग्नाच्या वरातीला चांगली दिसेल." पैशांचा हिशेब मी मांडला होता, नंतर फाडून टाकला.

पण मला लागलं ते पैशांचं नाही. लागलं ते दुसऱ्या गॅरेजमध्ये झालं. तोवर बाबा मे महिन्यात न्हाणीघरात पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि आमचं घर कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गाडी खाली, बाबा वर. गॅलरीत खुर्ची टाकून ते मी गाडी सुरू करताना ऐकायचे. त्यांचं एकच म्हणणं होतं: चावी फिरवली की पंप टिकटिक करतो, पूर्वी पंधरा-वीस ठोक्यांत गप्प व्हायचा, आता मिनिटभर धडधडत राहतो. कुठेतरी हवा ओढतोय. मी फोन स्पीकरवर टाकून हे त्या गॅरेजवाल्याला ऐकवलं. बाबा हळू बोलतात, शब्द शोधत बोलतात. त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि हसून म्हणाला, "काका, तो जमाना गेला. आराम करा तुम्ही." शेजारचे दोघंही हसले. घरी आले तेव्हा बाबांचा फोन गादीवर पालथा पडला होता. त्यानंतर तीन महिने त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मी खाली गाडी पुसायला गेले की ते गॅलरीचं दार लोटून घ्यायचे.

तुमच्याकडे मी आले ती खरं तर पाईपाच्या क्लिपा शोधायला. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांमधून फिरत होते. एका दुकानदारानं गाडी कुठली विचारलं आणि मान डोलावून म्हणाला, "क्लिपा नंतर घ्या, आधी पलीकडच्या गल्लीत जा." आठ दिवसांनी गाडी टोचन लावून तुमच्या दारात आणली. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "चालवतं कोण?" मी म्हटलं, मी. "मग सांगा, बंद पडायच्या आधी काय करते?" बास. तिथेच मला निम्मं बरं वाटलं होतं.

मी सगळं सांगितलं आणि ओघात बाबांचंही सांगितलं, टिकटिकीचं, जरा घाबरतच. तुम्ही काही बोलला नाहीत. परदेशी पंप काढलात, कॅरीबॅगमधला जुना उघडलात, त्याचे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी टोकं, पॉलिश पेपरनं दोनदा पुसलीत आणि तोच परत बसवलात. "ह्याला काय झालंय? फक्त तोंड काळं झालंय." मग पोराला सांगितलंत, काँप्रेसर बंद कर. रेडिओ बंद कर. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाक मारून पाच मिनिटं थांबायला सांगितलंत आणि तो थांबलाही. गल्ली एकदम इतकी शांत झाली की कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला तेही ऐकू आलं.

आणि तुम्ही म्हणालात, "काकांना फोन लावा."

मला कळेना. "व्हिडिओ लावू?"

"व्हिडिओ नको. कान पाहिजे. पन्नास वर्षं ही गाडी कुणी ऐकलीय, मी का त्यांनी?"

मी फोन लावला. तुम्ही हात पँटला पुसून तो घेतलात. "काका, नमस्कार. नाना पेठेतून मिस्त्री बोलतोय. तुमच्या गाडीपाशी उभा आहे. पंपाचा आवाज ऐकवतो, नेहमीचा आहे का तेवढं सांगा." मग बॉनेटमध्ये वाकून तुम्ही फोन पंपाच्या बाजूला धरलात, अगदी तान्ह्या पोराला छातीशी धरावं तसा, आणि मला खुणेनं चावी फिरवायला सांगितलीत. टिकटिकटिकटिक. थांबेचना.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग बाबांचा आवाज आला. "परत लावा." परत लावलं. "अजून एकदा." तिसऱ्या वेळेला म्हणाले, "हा ठोका पोकळ आहे. पेट्रोल ओढताना ठोका जड येतो. हवा ओढतोय, मागच्या बाजूनं."

तुम्ही म्हणालात, "मलाबी तेच वाटतंय काका. पण मी ही गाडी आज पहिल्यांदा ऐकतोय, म्हणून तुम्हाला विचारलं."

मिस्त्री, हे वाक्य मी पाठ केलं आहे.

पुढचं काम तुम्ही किती सहज केलंत! कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचं टोक पेट्रोल घातलेल्या हॉर्लिक्सच्या जुन्या काचेच्या बाटलीत बुडवलंत आणि मला जवळ बोलावलंत. चावी फिरवली तर बाटलीत बुडबुडे, लिंबूसोड्यासारखे. नळीतून निखळ पेट्रोल यायला हवं, त्याच्याबरोबर हवा येत होती. मग तुम्ही गाडीखाली गेलात आणि टाकीजवळून एक वीतभर रबरी नळी काढून आणलीत. कधीतरी कुणीतरी लोखंडी पाईप कापून मध्ये प्लॅस्टिकचा फिल्टर घातला होता, आणि जोडायला साधी रबरी नळी वापरली होती. वरून ती नवीकोरी दिसत होती. तुम्ही ती माझ्यासमोर वाकवलीत आणि पोटात भेगा दिसल्या, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या. मी म्हटलं, मग खाली पेट्रोल कसं नाही ठिबकलं? वाससुद्धा आला नाही कधी. तुम्ही म्हणालात, "इथं पेट्रोल ढकललं जात नाही ताई, ओढलं जातं. स्ट्रॉला भोक पडलं तर उसाचा रस बाहेर सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते." आणि चढाला इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, तेव्हाच ते कमी पडायचं. तीन गॅरेजांनी पुढचं सगळं उघडलं, आणि दुखणं मागे टाकीपाशी होतं. गाडीखाली कुणी गेलंच नव्हतं. कपडे मळतात.

तुम्ही पेट्रोलबद्दल सांगितलंत तेही इथे लिहिते, कारण जुन्या गाड्या असलेले काही जण हे नक्की वाचतील. आपल्याकडे जून २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं मिश्रण गाठलं गेलं, आता वीस टक्क्यांचं आलं आहे. जुनं रबर त्या इथेनॉलनं फुगतं, मऊ पडतं, नाहीतर चिरतं. दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं. पुण्याच्या पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली की ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. शिवाय इतक्या वर्षांचा चिकटलेला गाळ सुटून पुढे येतो आणि फिल्टर तुंबतो. या सगळ्यावर तुम्ही ना सरकारला शिव्या घातल्यात ना जुन्या दिवसांचे उसासे टाकलेत. इथेनॉलला टिकणारी नळी घातलीत, टाकी उतरवून धुतलीत, आणि सांगितलंत की पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, आठवड्याला एक फेरी मारा, आणि दरवर्षी नळ्या हातानं वाकवून बघा, नुसत्या डोळ्यांनी नाही. बाकी आत काय काय केलंत ते मी सांगत बसत नाही, मला सगळं कळलंही नाही.

सगळं जोडून झाल्यावर तुम्ही पुन्हा फोन लावलात. या वेळी मला सांगावं लागलं नाही. काँप्रेसर बंद, रेडिओ बंद, वेल्डिंगवाला तर आपणहून येऊन उभा राहिला. चावी फिरवली. टिक, टिक, टिक, जरा सावकाश, आणखी सावकाश. तुमचा पोरगा बोटांवर मोजत होता. चौदा. मग काही नाही. कार्बोरेटरची वाटी भरली की सुई दार लावून घेते, आणि पंप दम धरून उभा राहतो, हे आता मलाही पाठ झालंय. फोनमधून बाबा म्हणाले,

"थांबला."

तुम्ही विचारलंत, "पास का काका?" ते हसले असावेत, मला नीट ऐकू आलं नाही. मी तेव्हा डिकीकडे तोंड करून उभी होते. तुमच्या पोरानं मला न बोलता पाण्याची बाटली आणून दिली. शहाणा आहे तो.

आता एक कबुली. हॉर्लिक्सची ती बाटली तुम्ही पहिल्या फोनच्या आधीच काढून फळीवर ठेवली होती. मी पाहिलं होतं. म्हणजे हवा ओढतोय हे तुम्हाला ठाऊक होतं, किंवा निदान अंदाज होता. मग फोन कशाला लावलात? गल्ली कशाला गप्प केलीत? त्याचं उत्तर मला माहीत आहे असं वाटतं, आणि नसलं तरी मी तुम्हाला विचारणार नाही. पण म्हातारं माणूस म्हणजे खुर्चीतलं सामान नव्हे, त्याच्याकडे अजून काहीतरी आहे जे आपल्याकडे नाही, हे त्याला सांगायच्या भानगडीत न पडता सरळ त्याच्याकडे मागणं, हे मी पोटची पोर असून मला सुचलं नाही. मी त्यांना उशा देत होते, गोळ्या देत होते, "तुम्ही नका काळजी करू" म्हणत होते. म्हणजे त्या हसणाऱ्या गॅरेजवाल्यापेक्षा मी फार वेगळं काही करत नव्हते, फक्त प्रेमानं करत होते.

तसं बघितलं तर म्हात्रे पुलावरही चांगली माणसं भेटली होती. मागे पीएमटीची बस होती (पीएमपीएमएल म्हणा हवं तर, आमच्या घरी अजून पीएमटीच). तिच्या ड्रायव्हरनं हॉर्न मारण्याऐवजी बस तिरकी लावून मागची गर्दी अडवली, आणि कंडक्टर खाली उतरून दोन कॉलेजच्या पोरांबरोबर गाडी ढकलायला लागला. टप वर घ्यायला एकानं मदत केली, त्याचं बोट चेंगरलं, तरी "होतं काकू" म्हणून निघून गेला. तेव्हा मी इतकी वैतागलेली होते की धड आभारही मानले नाहीत. या पत्रात त्यांचाही वाटा आहे, पोचला तर पोचला.

तुम्ही अठराशे रुपये घेतलेत. मी दोन हजार दिले तर दोनशे परत काढून दिलेत, सुट्ट्यांसाठी पानवाल्याकडे पोराला पाठवून. वर ती चिरलेली नळी 'सकाळ'च्या कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवलीत. "काकांना दाखवा." ती आता बाबांच्या उशाशी टेबलावर आहे, औषधांच्या डब्याशेजारी. येईल त्याला ते ती वाकवून भेगा दाखवतात. परवा फिजिओथेरपीवाली मुलगी आली, तिलाही दाखवली. तिनं बिचारीनं विचारलं, "आजोबा, ही कुठे बसते?" मग अर्धा तास चामड्याचा भाता, स्किनर, इसिगोनिस. व्यायाम राहिला. पण संध्याकाळी ते आपले आपण वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत गेले आणि मला म्हणाले, गाडी सुरू कर. मी खाली जाऊन चावी फिरवली आणि वर बघितलं. ओठ हलत होते. मोजत होते.

गाडी आता चांदणी चौक चढते. तिसऱ्या गिअरला, एका दमात. टप अजून ड्रायव्हरच्या डाव्या पायावर गळतो, पण ते तुमचं खातं नाही.

कामाचं एक विचारायचं आहे. दिवाळीनंतर तुम्ही नळ्या बघायला गाडी आणा म्हणाला होतात. बाबा म्हणताहेत, या वेळी मीच येणार. दोन मजले उतरायची तालीम सुरू केली आहे, रोज चार पायऱ्या जास्त. डॉक्टरांची हरकत नाही. फक्त त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, गॅरेजच्या दारातली ती दगडी पायरी किती उंच आहे? वॉकर चढेल का, की बाहेरच खुर्ची टाकाल?

कळवा. उत्तर मला नको, त्यांनाच फोन करा. नंबर तुमच्याकडे आहे.

तुमची,
मॉरिसवाली ताई
कोथरूड, पुणे